तारखेची खूण आणि अंध श्रोता

घरी लग्नपत्रिका आली की आपण ती एका नजरेत वाचतो. वर कोण, वधू कोण, तारीख कुठली, कार्यालय कोणते, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या अक्षरांतली दोन नावे वधूवरांची आणि खालची बारीक रांग निमंत्रकांची, हे सवयीनेच कळते. कॉम्प्युटरला ही सवय नाही. त्याच्या लेखी सगळी अक्षरे सारखीच. आजची यंत्रे बऱ्यापैकी अंदाज बांधतात हे खरे, पण अंदाज तो अंदाजच. ५/६ म्हणजे इंग्लंडमध्ये ५ जून आणि अमेरिकेत ६ मे.

इंटरनेटवरची पाने एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहितात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ती तयार केली. या भाषेत मजकुराभोवती खुणा घालतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असे त्या खुणा सांगतात. परंतु 'हे माणसाचे नाव' किंवा 'ही कार्यक्रमाची वेळ' असे सांगणारी खूण तिच्यात नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी अनेक देशांतील प्रोग्रामर मंडळींनी मिळून जी खटपट केली, तिची हकीकत आम्ही येथे देत आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण वाचकांनी पान उलटू नये. या खटपटीत अंध माणसांचा प्रश्न मध्येच उभा राहिला, आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा भाग आहे.

जून २००५ मध्ये 'मायक्रोफॉर्मॅट्स' नावाची चळवळ रीतसर सुरू झाली. टान्टेक चेलिक हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक. नवी भाषा काढायची नाही, आहे त्याच एचटीएमएलमध्ये ठरलेली नावे वापरायची, हा त्यांचा बेत. नाव-पत्त्यासाठी एचकार्ड आणि कार्यक्रमासाठी एचकॅलेंडर असे नमुने त्यांनी ठरविले. सगळी चर्चा खुली, कोणीही यावे, सुचवावे, भांडावे. त्यांचे ब्रीद होते, आधी माणूस, मग यंत्र. ब्रीद उत्तम होते. त्याची कसोटी मात्र लवकरच लागली.

माणसाला '१२ मार्च, सायंकाळी ५' असे वाचायला बरे वाटते. यंत्राला वर्ष, महिना, दिवस, तास अशा ठराविक क्रमाने आकडे लागतात. दोघांना खूश कसे करायचे? एचटीएमएलमध्ये संक्षेपासाठी 'अॅबर' नावाची एक खूण आहे. पानावर 'डॉ.' लिहायचे आणि खुणेच्या पोटात 'डॉक्टर' हा पूर्ण शब्द ठेवायचा, असा तिचा उपयोग. मंडळींनी तीच खूण तारखेला लावली. वर माणसाची तारीख, पोटात यंत्राचे आकडे. डोळस माणसाला काही फरक पडला नाही. फार तर माऊसचा बाण त्या जागी नेला की आकड्यांची एक चिठ्ठी उघडत असे.

पण अंध व्यक्ती कॉम्प्युटर वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधारे. हा प्रोग्राम पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. संक्षेप आला की पूर्ण शब्द वाचायचा, अशी सोय त्यात असते, आणि अनेकजण ती चालू ठेवतात. परिणाम काय झाला? पोटातली तारीख २००७०३१२ अशी जोडून लिहिलेली असेल, तर '१२ मार्च' ऐकू येण्याऐवजी 'दोन कोटी सत्तर हजार तीनशे बारा' असे ऐकू येऊ लागले! कार्यक्रम कधी आहे, हे ऐकणाऱ्याने यावरून काय ओळखावे?

एप्रिल २००७ मध्ये जेम्स क्रेग आणि ब्रूस लॉसन यांनी लेख लिहून हा दोष चव्हाट्यावर मांडला. पुष्कळ वाद झाला. असे ऐकणारे किती, खरोखर अडचण किती जणांना, असे प्रश्नही निघाले. आम्हाला ही मोजदाद पटत नाही. जो पानावर आला आहे त्याला तारीख कळली पाहिजे, मग तसे आलेले दहा असोत की दहा हजार. जून २००८ मध्ये बीबीसीने आपल्या रेडिओ-टीव्ही कार्यक्रमांच्या पानांवरून एचकॅलेंडरच्या खुणा काढून टाकल्या. अंध आणि अधू दृष्टीच्या श्रोत्यांचे कारण त्यांनी उघड सांगितले. शिवाय, ज्यांना मजकूर समजून घ्यायला मुळातच कष्ट पडतात त्यांना ती आकड्यांची चिठ्ठी गोंधळात टाकील, हेही नमूद केले. एवढ्या मोठ्या संस्थेने खुणा उतरविल्यावर मग टाळाटाळ करणे अवघड झाले. २००९ मध्ये तारीख आणि वेळ वेगवेगळ्या तुकड्यांत देण्याची नवी रीत मायक्रोफॉर्मॅट्सवाल्यांनी काढली.

दरम्यान एचटीएमएलची पाचवी आवृत्ती घडत होती. तीत तारखेसाठी स्वतंत्र 'टाइम' खूण आली. तिचे संपादक इयन हिक्सन यांनी २०११ मध्ये ती एकाएकी काढूनही टाकली होती. ओरड झाली आणि काही दिवसांतच खूण परत आली. खुल्या कामात भांडणे होतात ती अशी कामीही येतात.

याच वर्षी, २ जून २०११ रोजी, गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचे बिंग यांनी एकत्र येऊन 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही शब्दावली जाहीर केली. पुस्तक, पाककृती, दुकान, सभा अशा नाना गोष्टींची नावे तीत आहेत. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले आर. व्ही. गुहा हे तिच्या शिल्पकारांपैकी एक. सुरुवातीला त्यांनी मायक्रोडेटा या एकाच लेखनपद्धतीचा पुरस्कार केला म्हणून आरडीएफए या दुसऱ्या पद्धतीचे लोक नाराज झाले. पुढे तीही चालू लागली. आज जास्त चालते ती जेसन-एलडी ही पद्धत, २०१४ मध्ये मान्य झालेली. तीत यंत्राची माहिती एका वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतात. तो गठ्ठा स्क्रीन रीडर वाचतच नाही, त्यामुळे जुना त्रास गेला. पण यंत्राला एक आणि माणसाला दुसरेच सांगण्याची वाट मोकळी झाली. पानावर जे दिसत नाही ते खुणेतही घालू नका, असा नियम गुगलला करावा लागला आहे तो उगाच नव्हे.

आपल्याकडची गंमत वेगळीच आहे. व्याख्यान असो की वधूवर मेळावा, आपली मंडळे रंगीत पत्रकाचे नुसते चित्र वेबसाइटवर चढवितात. अक्षरे चित्रात असल्याने तिथे खूण लावायला जागाच नाही. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर मराठीही बोलतो. पण अशा चित्रापाशी आल्यावर तो बहुधा 'ग्राफिक' एवढेच म्हणून पुढे जातो. चित्राखाली तारीख, वेळ आणि पत्ता अशा दोन ओळी टाइप करायला कार्यकर्त्याला पाच मिनिटे लागत नाहीत, आणि 'टाइम'ची खूण त्या ओळींनाच लावता येते.