वाफ गेली, नशा उरली

गांजाच्या ताज्या, हिरव्या तुऱ्यात नशा आणणारे द्रव्य जवळजवळ नसतेच. तुऱ्यावरच्या बारीक, चिकट ग्रंथींमध्ये तयार होते ते टीएचसीए नावाचे आम्ल, आणि ते डोक्यात चढत नाही. या आम्लाला उष्णता लागली की त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड सुटून जातो आणि मागे उरते ते टीएचसी, मेंदूवर अंमल करणारे द्रव्य. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये हे टीएचसी शुद्ध रूपात वेगळे केले आणि त्याची रचना जगापुढे मांडली. आम्लाचे रूप जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी ओळखले. चिलीम ओढणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. आम्लाचे टीएचसी करण्याचे काम निखारा करत होता.

निखाऱ्याची जागा आता विजेच्या तापकाने घेतली आहे. अमेरिकेतली अनेक राज्ये आणि कॅनडा, जिथे गांजा कायद्याने विकत मिळतो, तिथे व्हेपोरायझर नावाचे यंत्र अनेक घरांत दिसते. कुटलेला गांजा त्यात साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. जळण्याइतके तापमान गाठले जात नाही, फक्त टीएचसी आणि सुगंधी तेलांची वाफ होते. धूर नाही म्हणजे डांबर कमी, कार्बन मोनॉक्साइडही कमी. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अब्राम्स यांच्या गटाने २००७ मध्ये १८ जणांवर केलेल्या प्रयोगात रक्तातले टीएचसी धूम्रपानाच्या जवळपास बरोबरीचे भरले, कार्बन मोनॉक्साइड मात्र खूपच कमी आढळला. फुप्फुसांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

वाफ ओढून झाली की यंत्राच्या भांड्यात तपकिरी, कोरडा, कडवट वासाचा भुगा उरतो. तिकडचे लोक त्याला ‘एव्हीबी’ म्हणतात. अनेक जण तो फेकत नाहीत, बरणीत साठवतात आणि पुरेसा झाला की लोण्यात किंवा तेलात मुरवून केक, बिस्किटे करतात. महागाचा माल वाया जाऊ नये ही भावना कुणालाही समजेल. त्यामागचा समज मात्र तपासून घ्यायला हवा. उकळून काढलेल्या चहाच्या चोथ्यात काही राम उरत नाही, तसेच या भुग्याचे असणार, उरलीसुरली सौम्य गुंगी काय ती येईल, असे धरून चालण्याची सवय आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथील संशोधकांनी २०१६ मध्ये बाजारातल्या व्हेपोरायझरांची प्रयोगशाळेत मोजणी केली. विजेवर चालणाऱ्या चार यंत्रांपैकी सर्वांत कमकुवत यंत्राने गांजातले सुमारे ५५ टक्के टीएचसी वाफेत सोडले, सर्वांत जोरकस यंत्राने सुमारे ८३ टक्के. म्हणजे १७ पासून ४५ टक्क्यांपर्यंत टीएचसी वाफेत आलेच नाही. त्यातले काही यंत्राच्या नळीला चिकटते, काहीचे विघटन होते, पण बराच भाग भुग्यातच राहू शकतो. आता साधा हिशेब करू. २० टक्के टीएचसी असलेल्या १ ग्रॅम गांजात २०० मिलिग्रॅम टीएचसी असते. त्यातले फक्त २० टक्के भुग्यात उरले तरी ते ४० मिलिग्रॅम होतात. कोलोरॅडो राज्यात खाण्याच्या पदार्थाचा एक भाग म्हणजे १० मिलिग्रॅम. एका ग्रॅमच्या उरलेल्या भुग्यात अशा चार जणांचा वाटा.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. या यंत्रांमधून जाताना टीएचसीएचे ९७ टक्क्यांहून अधिक रूपांतर होऊन गेलेले असते. हे रूपांतर ११० अंशांना साधारण अर्ध्या तासात आणि १४५ अंशांना सहा मिनिटांत पुरे होते, हे वेगळ्या प्रयोगांतून माहीत आहे. व्हेपोरायझर तर त्याहून वर तापतो. कच्चा गांजा चुकून पोटात गेला तर त्यातला मोठा भाग अजून आम्लरूपात असतो. या भुग्याला मात्र शिजवण्याची, भाजण्याची काहीच गरज उरलेली नाही. टेबलावर सांडलेली चिमूटसुद्धा नशा देण्यास तयार आहे. वापरून झालेला माल म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते आणि धोका तिथेच सुरू होतो.

भुग्याची चव इतकी कडू असते की काही जण तो आधी दिवसचे दिवस पाण्यात भिजवतात, पाणी बदलत राहतात. करपट रंग आणि कडवटपणा पाण्याबरोबर निघून जातो, टीएचसी जात नाही, कारण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते. हे वाचताना आपल्याकडच्या वैद्यांची आठवण येते. आयुर्वेदात भांग औषधात वापरण्यापूर्वी तिचे शोधन करायला सांगितले आहे. त्याच्या एका रीतीत पाने पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात, वाळवतात आणि गायीच्या तुपात परततात. पाण्यात जाणारे काढून टाकायचे, तुपात उतरणारे ठेवायचे. रेणूचे नाव ठाऊक नसताना निरीक्षणातून साधलेली ही रीत मला फार मोलाची वाटते.

कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉग्नेसी यांनी १८३९ मध्ये माजूम ही भांगेची मिठाई करण्याची कृतीही नोंदवून ठेवली आहे. भांग आणि तूप समभाग घ्यायचे, पाणी घालायचे, शेगडीवर पाणी आटेपर्यंत ढवळायचे, मग तूप गाळून साखर-दुधात घालायचे. पाणी आहे तोवर मिश्रण १०० अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे तूप करपत नाही आणि सारे काही सावकाश घडते. महाशिवरात्रीच्या आणि होळीच्या थंडाईत दूध, बदाम, खसखस असते तीही केवळ चवीसाठी नव्हे. त्यांची स्निग्धता टीएचसीला आतड्यातून रक्तात जायला मदत करते.

खरी गुंतागुंत पुढे, पोटात गेल्यावर आहे. ओढलेला गांजा फुप्फुसातून थेट रक्तात आणि काही मिनिटांत मेंदूत पोचतो, त्यामुळे माणसाला कुठे थांबायचे ते कळते. खाल्लेला गांजा आतड्यातून आधी यकृतात जातो. यकृत त्यातला बराचसा मोडून टाकते. १९८० मध्ये चॉकलेट बिस्किटातून टीएचसी देऊन केलेल्या एका प्रयोगात जेमतेम ६ टक्के रक्ताभिसरणात पोचले, धुरातून दिल्यावर १८ टक्के. पण यकृत टीएचसीचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचे रूपही बनवते. ते स्वतः नशा आणते आणि मेंदूत सहज शिरते. अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, शिखर दोन ते चार तासांनी येते आणि उतरायला कित्येक तास जातात. हे काम करणारे यकृतातले एक विकर काही लोकांत आनुवंशिक फरकामुळे मंद चालते. अशा माणसांच्या रक्तात तेवढ्याच मात्रेने टीएचसीचा एकूण भार सुमारे तिप्पट भरलेला आढळला आहे.

मेशुलम यांनी हा अनुभव स्वतःच्या घरी घेतला होता. त्यांच्या पत्नीने केक केला, काही मित्रांच्या तुकड्यांवर १० मिलिग्रॅम शुद्ध टीएचसी घातले, बाकीच्यांना साधा केक दिला. टीएचसी खाल्लेल्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी झाली. कुणी स्वप्नाळू झाला, कुणाची बडबड थांबेना, कुणाला भीतीने घेरले. मात्रा एकच होती, तीही तोलून घेतलेली.

तोलून न घेतलेल्या मात्रेचे काय होते, ते कोलोरॅडोत २०१४ च्या जानेवारीत विक्री खुली झाल्यावर लगेच दिसले. त्याच मार्चमध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाने दुकानातून आणलेल्या बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काहीच जाणवले नाही, म्हणून उरलेले सगळे खाल्ले. बिस्किटात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, साडेसहा जणांचा वाटा. काही तासांनी त्याने चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी घेतली आणि त्याचा अंत झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ही घटना पुढच्या वर्षी अहवालात मांडली. या मृत्यूनंतर पदार्थाचे भाग स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत, असे नियम झाले. कॅनडाने २०१९ च्या ऑक्टोबरात खाद्यपदार्थांना परवानगी दिली तेव्हा अख्ख्या पाकिटाला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

घरच्या बरणीतल्या भुग्यावर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. त्यात कधी १८० अंशांना तापवलेला माल असतो, कधी २१० ला. कधी भरड, कधी बारीक. भांड्याच्या मधला करपलेला, कडेचा अर्धाकच्चा. जास्त तापलेल्या भागात टीएचसीचे थोडे सीबीएनमध्ये रूपांतर झालेले असते, ज्याचा अंमल बराच कमी आहे. रंगावरून ताकद ओळखणारे आपण अनुभवी असल्याचे सांगतात, पण तपकिरी छटेवरून मिलिग्रॅम कळत नाहीत. त्याला प्रयोगशाळाच लागते. माझ्या मते स्वयंपाकघरात शिरणाऱ्या साऱ्या गांजात हा सर्वांत बेभरवशाचा आहे आणि नवख्याला किंवा पाहुण्याला त्याचा घासही देऊ नये.

भारतात हा प्रश्न कायद्यापाशीच थांबतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाचा फुलोरा आणि चरस यांना बंदी आहे. तुऱ्यांशिवायची नुसती पाने त्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या नियमांवर चालतो. पण कॅलिफोर्नियात किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरात, शेजारात, मुलांच्या मित्रांकडे हे पदार्थ आता कायदेशीरपणे असू शकतात, आणि केकच्या तुकड्यावरून आत काय आहे ते दिसत नाही.

अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. लहान मूल पेंगुळते, तोल जातो, काही वेळा श्वास मंदावून अतिदक्षता विभागात न्यावे लागते. आई-वडील संकोचाने गप्प राहिले की डॉक्टरांना मेंदूज्वर, डोक्याचा मार, झटके अशा सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात. मग त्या चिमुकल्याचे सीटी स्कॅन होते, कधी पाठीतून पाणी काढले जाते. घरात असा पदार्थ होता एवढे पहिल्याच मिनिटाला सांगितले तर साध्या लघवी तपासणीने दुजोरा मिळू शकतो आणि मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवून अंमल उतरण्याची वाट पाहता येते.