आंत्रशोथ, बालकांतील दीर्घकालिक
क्रोन रोग व व्रणयुक्त बृहदांत्रशोथ (मोठ्या आतड्याची व्रणांसह दाहयुक्त सूज) हे आतड्याचे दोन दीर्घकालिक विकार. क्रोन रोगाचे सविस्तर वर्णन बी. बी. क्रोन, एल. गिन्झबर्ग व जी. डी. ओपेनहायमर यांनी न्यूयॉर्क येथे १९३२ मध्ये केले. बालकांत पोटदुखी, अतिसार व रक्तस्राव यांखेरीज उंची खुंटणे व वयात येण्यास विलंब ही लक्षणेही आढळतात. कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांनी शोथ ओसरतो. परंतु तीही वाढीस बाधक ठरतात. त्यामुळे वाढीला बाध न आणणारे उपचार शोधणे, हे बालकांवरील संशोधनाचे प्रमुख सूत्र ठरले आहे. नेहमीचे अन्न थांबवून ६ ते ८ आठवडे केवळ परिपूर्ण द्रव आहार दिल्यास क्रोन रोग बहुधा आटोक्यात येतो. व्रणयुक्त बृहदांत्रशोथात मात्र या आहाराचा असा गुण येत नाही. तान्ह्या मुलांतील काही तीव्र प्रकार एकाच जनुकातील दोषामुळे उद्‌भवतात, हे इंटरल्यूकिन–१० च्या ग्राहींवरील संशोधनाने २००९ मध्ये दाखविले. भारतात आतड्याच्या क्षयरोगाचे चित्र क्रोन रोगासारखेच दिसते. प्रतिरक्षा दडपणाऱ्या औषधांनी क्षयरोग बळावत असल्याने उपचारांपूर्वी त्याची शहानिशा करणे अत्यावश्यक असते.