एका तारखेचे पाच खेळाडू

वर्तमानपत्र हाती आले की काही वाचक प्रथम राशिभविष्य पाहतात, काही बाजारभाव पाहतात, आणि काहींची नजर ‘आजचा दिनविशेष’ या चौकटीकडे जाते. आम्ही या तिसऱ्या वर्गातले. आज कोण जन्मले, कोण निवर्तले, हे वाचण्यात एक निरुपद्रवी मौज असते. आपला जन्मदिवस एखाद्या थोर माणसाच्या जन्मदिवशीच येतो असे कळले, तर त्या थोरपणाचा एखादा शिंतोडा आपल्यावरही उडाला असे वाटून माणूस सुखावतो. या मौजेच्या मागे थोडे गणित आहे, थोडा इतिहास आहे, आणि आपल्या मुलाबाळांच्या दृष्टीने एक गंभीर प्रश्नही आहे. तिन्ही गोष्टींचा येथे क्रमाने विचार करू.

उदाहरणासाठी १३ सप्टेंबर ही तारीख घेऊ. १९६७ साली या दिवशी अमेरिकेत मायकेल जॉन्सन हा धावपटू जन्मला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये २०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये असे करणारा तो पहिला पुरुष धावपटू होय. २०० मीटरसाठी त्याला लागलेला वेळ होता १९.३२ सेकंद, आणि हा विक्रम पुढे बारा वर्षे टिकला.

१९६९ साली याच दिवशी ऑस्ट्रेलियात शेन वॉर्न जन्मला. जानेवारी १९९२मध्ये सिडनीला भारताविरुद्ध तो पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याने दीडशे धावा दिल्या आणि एकच बळी मिळवला. तो बळी होता मुंबईच्या रवी शास्त्रीचा, आणि तोही शास्त्रीच्या २०६ धावा झाल्यावर! त्या दिवशी या गोलंदाजाचे भविष्य कोणी उज्ज्वल म्हटले असते तर लोक हसले असते. परंतु १४५ कसोट्यांत ७०८ बळी घेऊनच तो थांबला. २०२२च्या मार्चमध्ये तो अकाली गेला.

१९७१ साली याच दिवशी क्रोएशियातील स्प्लिट या शहरी गोरान इवानिसेविच जन्मला. विंबल्डनच्या अंतिम सामन्यात तो १९९२, १९९४ आणि १९९८ असा तीनदा हरला. २००१ साली त्याचा क्रमांक इतका खाली घसरला होता की स्पर्धेत प्रवेशही त्याला संयोजकांच्या विशेष सवलतीने मिळाला. त्या वर्षी मात्र त्याने पॅट राफ्टरला पाच सेटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. १९७३ साली याच दिवशी इटलीत नेपल्स येथे फाबिओ कानावारो जन्मला. बचावपटूच्या मानाने हा ठेंगणाच. पण २००६ साली त्याच्या नेतृत्वाखाली इटलीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला.

१९६७, १९६९, १९७१, १९७३. बरोबर दोन दोन वर्षांचे अंतर, चार देश आणि चार निरनिराळे खेळ! आता पाचवे नाव ऐका. ते आपल्या घरचे आहे. १३ सप्टेंबर १९९४ रोजी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, मांडवा या गावी, एका शेतकरी कुटुंबात अविनाश साबळे जन्मला. बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि सियाचेनच्या बर्फात राहून आला. धावण्याकडे तो वळला तो सैन्यात गेल्यानंतरच. ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, ज्यात अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो, त्याने २०१८ साली गोपाल सैनी यांचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्णपदक त्याचेच होते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला.

ही तारीख मराठवाड्याला आणखी एका कारणाने परिचित आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाची राजवट शरण आली. अविनाशच्या जन्मानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हे सारे एकत्र मांडले की कोणालाही वाटेल, या तारखेतच काही गुण असला पाहिजे.

येथेच थोडे थांबून गणिताला विचारले पाहिजे. वर्गात किती मुले असली म्हणजे त्यांपैकी कोणत्या तरी दोघांचा जन्मदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून अधिक होईल? बहुतेक लोक म्हणतील, वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा निदान १८०-१८५ मुले तरी हवीत. खरे उत्तर आहे केवळ तेवीस! कारण आपण मुले मोजतो, परंतु मोजायला हव्यात त्या जोड्या. तेवीस मुलांपैकी प्रत्येकाची उरलेल्या बावीस जणांशी जोडी होते. एकच जोडी दोनदा मोजली जाते म्हणून निम्मे केले की २५३ जोड्या भरतात. प्रत्येक जोडीला ३६५त एक अशी संधी आहे, आणि अशा २५३ संध्या आहेत. साठ मुलांच्या वर्गात जोड्या होतात १७७०, आणि तेथे एकही समान जन्मदिवस न निघणे हीच नवलाची गोष्ट. शंभरात एकदाही असे घडणार नाही.

तथापि ‘कोणाचा तरी कोणाशी’ जुळणे निराळे आणि ‘माझा कोणाशी तरी’ जुळणे निराळे. माझ्याच जन्मदिवशी जन्मलेला माणूस भेटण्याचा संभव निम्मा व्हायचा, तर मला २५३ माणसांना विचारावे लागेल. आपली स्वतःची तारीख क्वचित जुळते, म्हणून जुळणे दुर्मिळ असे आपण समजतो. वस्तुतः भारताची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर वर्षातल्या प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी अडतीस लाख माणसे येतात. जगात नाव कमावलेले खेळाडू हजारोंनी आहेत. तेव्हा प्रत्येक तारखेला त्यांतले काही येणारच.

आता त्या दोन दोन वर्षांच्या अंतराचे काय? ती मालिका आम्ही आधी ठरवून शोधली नाही. नावे समोर आली तेव्हा ती दिसली. तीन तीन वर्षांचे अंतर निघाले असते, तर आम्ही त्याचेही कौतुक केले असते. याहून गमतीची गोष्ट अशी की इवानिसेविचने विंबल्डन जिंकले तो दिवस ९ जुलै २००१, आणि कानावारोच्या इटलीने विश्वचषक जिंकला तो दिवस ९ जुलै २००६. जन्मदिवस एक आणि विजयाचा दिवसही एक! परंतु तीच तारीख वॉर्नला लावा, जॉन्सनला लावा. काही हाती लागणार नाही. जे जुळते ते आपण सांगतो, जे जुळत नाही ते मुकाट्याने सोडून देतो. योगायोगाच्या बहुतेक कथा अशाच तयार होतात.

मग तारखेला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो माणसे देतात. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे खाशाबा जाधव जन्मले. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक त्यांनी दिले. तेथे जाण्यासाठी त्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. बारा वर्षांनी याच तारखेला, १९३८ साली, बंगालचे चुनी गोस्वामी जन्मले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. पुढे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालच्या क्रिकेट संघाचेही नेतृत्व त्यांनी केले. २०२० साली याच तारखेला टपाल खात्याने गोस्वामींचे तिकीट काढले, आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने खाशाबांचा जन्मदिवस हा राज्य क्रीडा दिन ठरवला. खाशाबा १९८४ सालीच गेले होते. १५ जानेवारीला मोठेपण आले ते त्यांच्या कर्तृत्वामुळे; तारखेने त्यांना काही दिले नाही.

येथपर्यंत आम्ही तारखेला निरुपद्रवी ठरवले. परंतु एक जागा अशी आहे की जेथे जन्मतारीख मुलाचे नशीब खरोखर वळवते, आणि त्यात ग्रहांचा काही संबंध नाही. मुलांच्या स्पर्धा वयोगटाने होतात. वयोगट ठरवायचा तर कोठे तरी रेघ मारावी लागते. मैदानी खेळांत ती रेघ सामान्यतः वर्षाच्या आरंभी असते. मग जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, असे दोघे एकाच गटात धावतात. दहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे जवळजवळ आयुष्याचा दहावा भाग. मोठा मुलगा उंच असतो, त्याचा दम अधिक असतो. शिक्षक त्यालाच निवडतात. निवडला म्हणून त्याला सराव मिळतो, आणि सराव मिळाला म्हणून पुढल्या वर्षी तो खरोखरच सरस ठरतो. धाकटा समजतो, आपल्यात गुणच नाही, आणि मैदान सोडतो. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा १९८०नंतरच्या दशकात अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. पुढे फुटबॉलसारख्या इतर खेळांतही तसेच दिसून आले. हे काम रेघेचे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडा. पानापानावर एकच जन्मतारीख दिसेल : १ जून. वर सांगितलेले गणित तेथे निकामी होते. शाळा जूनमध्ये उघडे. मूल घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे. मग गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अदमास घेत आणि १ जून लिहून मोकळे होत. यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही. निजामी अमदानीत नोंदी फसली सनाच्या. घरच्या आठवणी सणावारांच्या आणि पेरणी-काढणीच्या. जन्ममृत्यूची नोंद साऱ्या देशात सक्तीची करणारा कायदा १९६९ साली झाला. १ ऑक्टोबर २०२३पासून तर त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच आधार मानला जातो.

आमची स्वतःची तारीखही कागदोपत्री १ जूनच आहे. आई मात्र सांगे, महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तू झालास. म्हणजे भाद्रपदातला जन्म. कदाचित तो १३ सप्टेंबरही असेल, कोण जाणे! आमचे त्यावाचून काही अडले नाही, कारण आम्हांला धावायचे नव्हते. परंतु ज्याला धावायचे आहे, त्याचे अडते. अदमासाने वय वाढले, तर तो मोठ्यांच्या गटात ढकलला जातो. कमी झाले, तर तो नकळत लहानांवर अन्याय करतो. आणि जेथे तारीख चुकून खोटी लिहिली जाई, तेथे ती मुद्दाम खोटी लिहिण्याची वाटही मोकळी राहते. म्हणूनच क्रिकेटमध्ये लहान वयोगटांतल्या मुलांच्या मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करण्याची पाळी आली. खोट्या दाखल्यावर मिळवलेला चषक म्हणजे कोणा खऱ्या वयाच्या मुलाची हिरावलेली संधी होय.

आता पुन्हा अविनाशकडे वळू. वर्षारंभीच्या रेघेने मोजले तर सप्टेंबरचा मुलगा गटातल्या धाकट्यांपैकी. बाराव्या वर्षी त्याला पारखून कोणी बाजूला काढले असते, तर त्यात आश्चर्य नव्हते. त्याची पारख झाली ती विशी ओलांडल्यावर, सैन्यातल्या धावण्यात, जेथे जन्माचा महिना कोणी विचारीत नाही. तेवढी सवड त्याला मिळाली. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या किती मुलांना ती मिळत नसेल, याचा हिशेब कोणत्याच रजिस्टरात सापडणार नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे. निवडीच्या दिवशी मुलांची यादी करताना नावापुढे जन्माचा महिना लिहून ठेवावा, आणि जो मागे राहिला तो कितव्या महिन्याचा आहे हे पाहून मगच त्याच्यावर रेघ मारावी. पुढल्या वर्षी त्याला पुन्हा एकदा धावू द्यावे. आणि आईबापांनी मुलाची तारीख जशी आहे तशीच सांगावी, मग ती कोणा थोराशी जुळो वा न जुळो.