नाटकानंतरचा चहा आणि आपला कंट्रोल ग्रुप

पीएचडीला बसण्याआधी एक सवय लावून घ्या: कुणी ‘हे केल्यामुळे ते झालं’ म्हणालं, की ‘नाहीतर काय झालं असतं?’ असं विचारायचं. आज उदाहरण नाटकाचं घेऊया.

नोकरीला लागलेली पंचविशीतली पोरं नाटकाला येत नाहीत, ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. त्यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे प्रयोगाला गप्पा, चहा, कलाकारांची भेट जोडायची, म्हणजे एकट्यालाही यावंसं वाटेल. कल्पना नवी नाही. 1960 साली विजया मेहता, विजय तेंडुलकर वगैरे मंडळींनी सुरू केलेली ‘रंगायन’ सभासदांच्या जोरावर चालायची. जुहूच्या पृथ्वी थिएटरला (1978) जेमतेम दोनशे खुर्च्या, पण तिथला कॅफे कितीतरी जणांना थिएटरइतकाच ओळखीचा.

आता समजा, एका संस्थेने असा मेळावा घेतला. आलेल्यांपैकी बरेच जण पुढे पुन्हा नाटकाला दिसले. मेळावा यशस्वी?

माहीत नाही! मेळाव्याला आले कोण? ज्यांना आधीच नाटकाची ओढ होती ते. ते तसेही आले असते. यालाच निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. मी स्वतः पहिल्या वर्षी हाच घोळ (वेगळ्या विषयात) घातला होता आणि गाईडनी एका प्रश्नात तीन महिन्यांचं काम झोपवलं. इथे तर पैशाचाही प्रश्न आहे. छोट्या संस्थेकडे जाहिरात, स्वस्त तिकीट आणि मेळावा यांपैकी एकालाच पुरेल एवढं बजेट असतं.

मग चिठ्ठ्या टाका. धरा, 60 इच्छुक मिळाले. निम्म्यांना फक्त तिकीट, निम्म्यांना तिकीट आणि मेळावा. बोलावूनही जे मेळाव्याला आले नाहीत, त्यांना त्याच गटात मोजायचं. त्यांना गाळलंत की पूर्वग्रह मागच्या दाराने परत आत. आणि मोजायचं काय? त्या संध्याकाळची गर्दी नव्हे. पुढच्या सहा महिन्यांत, मेळावा नसताना, स्वतःच्या पैशाने कोणी तिकीट काढलं, ते.

खरी गंमत पुढे आहे. नाटकाला माणूस सहसा एकटा जात नाही. एकाच ऑफिसातल्या दोघी वेगवेगळ्या गटांत पडल्या, तर मेळाव्याला गेलेली दुसरीला ओढून नेणारच. तुमचा कंट्रोल ग्रुप बाटला! म्हणून चिठ्ठी माणसाच्या नावाची नाही, मित्रमंडळाच्या नावाची टाकायची. याची किंमत मोजावी लागते. पाच-पाच जणांची 12 मंडळं असतील आणि प्रत्येक मंडळातले सगळे एकसारखंच वागत असतील, तर 60 माणसं असूनही तुमच्या हातात माहिती जवळपास 12 जणांचीच. सॅम्पल ठरवताना बहुतेक जण इथेच फसतात.

आणखी एक गोष्ट मला पालीत राहून कळली, पुस्तकात नाही. इथून आधी बसने भाईंदर स्टेशन, मग लोकल, मग दादर किंवा पार्ला. रात्रीचा प्रयोग संपला की माझा जीव परतीच्या बसमध्ये अडकलेला असतो. प्रयोगानंतर तासभर गप्पा ठेवल्या, तर स्टेशनजवळचे थांबतील आणि आम्ही तिकिटालाच नाही म्हणू. म्हणजे तोच मेळावा एकाला खेचेल, दुसऱ्याला तोडेल, आणि सरासरीत परिणाम शून्य दिसेल. त्यामुळे फॉर्मवर राहण्याचं ठिकाण आधीच विचारून ठेवा, आणि जमलं तर चहा प्रयोगाच्या आधी ठेवा.