मोटारीतील वीज आणि घरातील उपकरणे

कधी कधी रात्री वीज जाते. घरातील दिवे मालवतात, पंखा थांबतो. पण दारात उभ्या असलेल्या चाचांच्या मोटारीचे दिवे मात्र लख्ख लागतात. अशा वेळी तुमच्या मनात आले असेल, की मोटारीतील ही वीज घरच्या पंख्याला का बरे देऊ नये? ती देता येते. पण ती कशी द्यावी, किती द्यावी आणि कोठे थांबावे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

घरातील वीज आणि मोटारीतील वीज यांत दोन मोठे फरक आहेत. पहिला फरक दाबाचा. आपल्या घरात वीज 230 व्होल्ट दाबाने येते. मोटारीच्या बॅटरीचा दाब साधारणपणे 12 व्होल्ट असतो. दुसरा फरक दिशेचा. बॅटरीतून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्याला दिष्ट प्रवाह म्हणतात. घरातील प्रवाह मात्र एका सेकंदात शंभर वेळा आपली दिशा बदलतो. त्याला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. म्हणून घरचा पंखा सरळ बॅटरीला जोडला, तर तो फिरणार नाही.

हे दोन्ही फरक मिटवणाऱ्या उपकरणाला इन्व्हर्टर म्हणतात. त्यातील परिपथ बॅटरीचा दाब 230 व्होल्टपर्यंत वाढवतो आणि प्रवाहाची दिशा भराभर उलटसुलट करतो. मोबाइलला मात्र इन्व्हर्टर लागत नाही. मोटारीत लावायचा छोटा चार्जर 12 व्होल्टचा दाब कमी करून मोबाइलला देतो.

आता थोडा हिशेब करू. लहान मोटारीची बॅटरी समजा 35 अँपिअर-तासांची आहे. 35 ला 12 ने गुणले, की 420 वॅट-तास होतात. ही सगळी वीज वापरता येईल का? नाही. इंजिन सुरू होताना काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरी रिकामी झाली, तर मोटार जागची हलणार नाही. रात्री एखाद्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर काय करणार? म्हणून निम्मी वीज राखून ठेवू. उरले 210 वॅट-तास. त्यांतील थोडी वीज इन्व्हर्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाते. उरलेल्या विजेवर 75 वॅटचा पंखा साधारण सव्वादोन तास चालेल. 9 वॅटचा एलईडी दिवा मात्र रात्रभर जळेल.

मग इस्त्री चालेल का? इस्त्रीला 1000 वॅट लागतात. 1000 ला 12 ने भागा. बॅटरीतून 83 अँपिअरहून अधिक प्रवाह घ्यावा लागेल! मोटारीतील सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 20 अँपिअरचा असतो. एवढा प्रवाह वाहू लागताच तो वितळतो आणि तार जळण्यापासून वाचते. काही लोक फ्यूजच्या जागी जाड तार बसवतात. असे कधीही करू नका. मग फ्यूजऐवजी मोटारीतील तारा तापतात आणि आग लागू शकते.

इंजिन चालू ठेवले, तर त्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज निर्माण करतो व बॅटरी पुन्हा भरतो. पण ही वीज फुकट मिळत नाही. तिच्यासाठी पेट्रोल किंवा डिझेल जळते. शिवाय इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. बंद गॅरेजमध्ये तो साठला, तर माणसाला कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते आणि प्राणही जातो. म्हणून बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. खिडकीजवळही ठेवू नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इन्व्हर्टरमधून बाहेर येणारी वीज घरातल्या विजेइतकीच धोकादायक असते. ओल्या हाताने त्याला स्पर्श करू नका. तसेच इन्व्हर्टरची तार घराच्या प्लगमध्ये खुपसून सगळ्या घराला वीज देण्याचा प्रयत्न करू नका. ती वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊ शकते. तेथे वीज गेली आहे असे समजून दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव त्यामुळे धोक्यात येतो. उपकरण नेहमी सरळ इन्व्हर्टरलाच जोडावे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. प्रत्येक उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. ते वहीत उतरवून घ्या आणि 12 ने भागा. येणारे उत्तर 10 पेक्षा बरेच कमी असेल, तर ते उपकरण मोटारीच्या सॉकेटवर चालण्यासारखे आहे. उत्तर त्याहून मोठे आले, तर ते मोटारीला जोडू नये, हे तुम्हीच घरातल्यांना समजावून सांगा.