सुगीतली सोबत

संक्रांतीच्या सुमारास जळगावात बोरं घेताना गिऱ्हाईक आजही ‘मेहरूणची आहेत ना?’ असं विचारतं. मेहरूणच्या शिवारात मात्र बोरीची झाडं आता शोधावी लागतात. गाव शहरात आलं, शेतांचे प्लॉट पडले, बागा गेल्या. ते सगळं निदान खरेदीखत करून, पैसे मोजून झालं. याच खानदेशात तापीच्या कडेने पश्चिमेला गेलं की जमीन हातातून जाण्याची दुसरी कहाणी भेटते. ती जमीन परत मिळवायला भिल्लांच्या सोबतीला उभ्या राहिलेल्या बाहेरच्या तरुणांची कहाणीही त्यातच आहे. तिला आता अर्धशतक उलटून गेलं.

ही कहाणी शहाद्याची. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं; नंदुरबार वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. सातपुड्याच्या पायथ्याची ही कसदार जमीन. अडीअडचणीला उचललेले दाणे, लग्नाला काढलेलं कर्ज, त्यापायी गहाण पडलेलं शेत आणि कागदावर न वाचता उमटवलेला अंगठा, या वाटेने ती गेली. मालक होते ते सालदार झाले. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, माणूस मेला, तेव्हा कुठे पुण्यामुंबईच्या वाचकांना शहादा कळलं.

अंबरसिंग सुरतवंती त्याआधीपासून गावोगाव फिरत होते. लोक त्यांना महाराज म्हणत. सर्वोदयाचे कार्यकर्ते त्यांच्या जोडीला आले. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर आले, विजय कान्हेरे आले, दीनानाथ मनोहर आले.

या मुलांनी काय केलं, हे नीट पाहण्यासारखं आहे. त्यांना ना नांगर धरता येत होता, ना भिल्लांची बोली येत होती. पण सातबारा वाचता येत होता. पाड्यावर बसून एकेका गटाचा इतिहास विचारायचा, कुणाचं नाव कधी कमी झालं ते तलाठ्याच्या दप्तरात शोधायचं, अर्ज लिहायचा, तो आत घेतला जाईपर्यंत तहसील कचेरीच्या पायरीवर थांबायचं. सालदारांच्या मजुरीचा हिशोब मांडायचा. रात्री शिबिर. आणि 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामासाठी पुन्हा त्याच कचेऱ्यांच्या खेपा. दारूची मडकी फोडण्याची मोहीम मात्र बायांनी स्वतःच्या बळावर उभी केली. ती कुणी बाहेरून शिकवली नव्हती.

या रेट्यानंतर कायदाही हलला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने 1975 मध्ये केला. त्यामागे दुसऱ्या भागांतल्या लोकांचंही बळ होतं, हे खरं. पण शहाद्याचा वाटा मोठा.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे घडले. स्वतः भिल्ल, संघटनेचे कार्यकर्ते, कवी. त्यांची ‘स्टेज’ ही कविता बाहेरून आलेल्या प्रत्येकाने वाचावी. आमचं दुःख आम्हालाच समजावून सांगणारे मंचावर आणि आम्ही खाली, हा सल त्यांनी इतक्या सरळपणे मांडला की त्यापुढे सबब चालत नाही. मला वाटतं, सोबत करणाऱ्याची कसोटी तिथेच लागते. शिराळकर त्या कसोटीला उतरले, कारण ते परत गेले नाहीत. 2 ऑक्टोबर 2022 ला त्यांचं निधन झालं, तोवर शेतमजूर आणि आदिवासी हेच त्यांचं काम होतं.

हे सगळं मला दर ऑक्टोबरात आठवतं, कारण तेव्हा पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकेत ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडाखाली ताडपत्री, फांदीवरून बोटांनी ओरबाडलेली फळं, पोती, घाणा. घरातली म्हातारी माणसंही रानात असतात. 1967 पासून हा मुलूख इस्रायलच्या ताब्यात आहे. 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्याचा आधार घेऊन तिथे पडीक राहिलेली जमीन सरकारी ठरवता येते. म्हणून तोडणीला जाणं हे पोटासाठी जितकं, तितकंच हक्क जिवंत ठेवण्यासाठी. इस्रायली वसाहतवाले मारहाण करतात, झाडं तोडतात, लष्कर वाट अडवतं. अशा वेळी सोबत म्हणून परदेशी स्वयंसेवक येतात आणि इस्रायली नागरिकही येतात. ‘रॅबाइज फॉर ह्यूमन राइट्स’चे ज्यू धर्मगुरू वर्षानुवर्षं या रानांत उभे राहिले. शेतकऱ्याला त्याच्या झाडापर्यंत सुखरूप पोचू देणं ही लष्कराची जबाबदारी आहे, असा निकाल इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिला. तरीही 2023 च्या ऑक्टोबरात गाझाचं युद्ध सुरू झाल्यानंतर असंख्य शेतकऱ्यांना रानात जाता आलं नाही. 2024 मध्ये जेनीनजवळच्या फक्कुआ गावात ऑलिव्ह तोडणारी बाई गोळी लागून गेली. 2025 मध्ये बुरीनला तोडणीला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांना पकडून देशाबाहेर काढण्यात आलं.

शहादा म्हणजे वेस्ट बँक नव्हे. आपल्याकडे कायदा अखेर भिल्लाच्या बाजूने झाला, तिथे अजून झालेला नाही. हा फरक लहान नाही. पण कसणाऱ्यापुढे दोन्हीकडे प्रश्न एकच ठेवला जातो: इथे तू आधीपासून होतास, याला पुरावा काय?

आपल्या चोपडा, यावल, रावेरच्या डोंगरपट्ट्यात तो आजही विचारला जातो. 2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. बांध, विहीर, घर, स्मशान हेही पुरावे चालतात. पण बांध किती जुना हे बघून लिहून घेणारं कुणी हवं, म्हाताऱ्याचं बोलणं न तोडता ऐकणारं हवं, नाकारलेल्या दाव्यावर मुदतीत अपील करणारं हवं. 2018 च्या नोव्हेंबरात प्रतिभा शिंदे यांच्या लोकसंघर्ष मोर्चासोबत हजारो आदिवासी ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत चालत गेले, ते याच दाव्यांसाठी.

जळगाव-धुळ्यातल्या कायद्याच्या, सर्वेक्षणाच्या, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात एखादं तरी गाव धरावं. फोटोपुरतं जाऊ नये. एकच दावा घ्या, आणि निकालाचा कागद त्या घरात पोचेपर्यंत तो सोडू नका.