खोलीला वारा किती लागतो?

महाडच्या बाजारपेठेत एक्झॉस्ट फॅन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खोली केवढी आहे?" प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर हवा. पण तासाला किती ताजी हवा आत यायला हवी, हे आत काय चाललंय त्यावर ठरतं.

माणसांपासून सुरुवात करू. स्वस्थ बसलेला मोठा माणूस तासाला साधारण 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत 420 च्या आसपास असतो. आत तो 1000 च्या वर जाऊ नये, ही मर्यादा म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये सुचवली; आजही ती पुष्कळ ठिकाणी धरतात. फरक 580 चा. दहा लाख भागांत 580 म्हणजे घनमीटरमागे 0.58 लिटर, त्याने 20 ला भागलं की माणशी तासाला सुमारे 35 घनमीटर हवा येते. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या काळात, 2021 मध्ये, माणशी सेकंदाला किमान 10 लिटर हवा सांगितली. ती तासाला 36 घनमीटर होते.

म्हणजे त्या खोलीत नवरा-बायको दोघंच असतील तर 70 घनमीटर पुरे. हवा तासातून दोनदा बदलली की झालं. तिथेच संध्याकाळी दहावीची 20 मुलं शिकवणीला बसली की 700 लागतात, म्हणजे तासातून वीसदा. खोली तीच, गरज दहापट. "तासाला सहा वेळा हवा बदला" अशा ठोकताळ्यावर माझा म्हणूनच फार भरवसा नाही.

सावित्रीकाठच्या या गावांत पावसाळ्याचा हिशेब आणखी निराळा. दोरीवर टाकलेल्या ओल्या कपड्यांत तीन लिटर पाणी आहे आणि ते रात्रीच्या दहा तासांत घालवायचं आहे, असं धरा. डिसेंबरात बाहेरची हवा कोरडी. आतली दमट हवा घनमीटरमागे दहाएक ग्रॅम जादा पाणी घेऊन गेली तर तासाला 30 घनमीटरमध्ये भागतं. जुलैत पोलादपूरला बाहेरची हवाच भिजलेली. आतबाहेरचा फरक अडीच ग्रॅमवर आला की 120 घनमीटर लागतात, आणि तरीही कपड्यांचा कुबट वास जात नाही. छताचा पंखा कितीही गरगरला तरी हवा फक्त फिरते, बदलत नाही.

जुन्या कौलारू घरात हा हिशेब कुणी मांडला नाही. चुलीचा धूर आणि दमट हवा कौलांच्या फटींतून आपोआप वर निघून जायची. स्लॅब पडला, ती वाट बुजली. मग भिंतीत पंखा बसतो, पण खिडक्या-दारं घट्ट लावलेली असतात. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला फट नसेल तर पंखा नुसता घोंघावतो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळीवर तेलकट थर चढला की तो घटतो. दाराखाली दोन बोटं जागा सोडा, पंखा समोरच्या भिंतीत उंचावर लावा, म्हणजे येणारी हवा खोलीभर फिरून बाहेर पडेल.

हाच हिशेब मोठा करून बघायचा तर पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडीचा बोगदा आहे. लांबी दोन किलोमीटरच्या आसपास. 2023 च्या गणेशोत्सवात हलक्या गाड्यांना त्याच्या एका भुयारातून पहिल्यांदा वाट मिळाली. बोगद्यात माणसांऐवजी गाड्या मोजायच्या: किती, कुठल्या इंधनाच्या, किती वेगाने. एकाच दिशेने धावणाऱ्या गाड्या आपल्यापुढची हवा ढकलत नेतात, त्यामुळे रहदारी सुरळीत असली की वारा बराचसा फुकट मिळतो. कोंडी झाली की इंजिनं धूर सोडत राहतात आणि हवा ढकलणारं कुणी उरत नाही. म्हणून अशा बोगद्यातल्या पंख्यांची ताकद काढताना एरवीचा मंगळवार धरून चालत नाही, गणपतीला गावी निघालेल्या, जागीच थांबलेल्या गाड्यांची रांग धरावी लागते.